वाचक विचारतात: डॉ. कोटणीस आघाडीवर गोळी लागून गेले का?

प्रश्न : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये आघाडीवर गोळी लागून गेले, असं ऐकलं. खरं काय?

उत्तर : नाही, गोळीने नव्हे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. आघाडीवर शस्त्रक्रियांचा मारा, विश्रांती जवळजवळ नाही. त्यात त्यांना अपस्माराचे (फिट्सचे) झटके येत. ९ डिसेंबर १९४२ला त्यातच ते गेले, वय अवघं ३२. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता, हे वाचून आजही गलबलतं. चीनमधल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांच्यावरच्या १९४६च्या चित्रपटाचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, डॉक्टरांची भूमिकाही त्यांचीच, पत्नीच्या भूमिकेत जयश्री. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक सोलापूरकरांनी जरूर पाहावं.