तयारीने विचार, पण विचार

हॅम्बुर्गहून एका वाचकाचं पत्र आलंय. माहेर गुहागरचं, मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी, तिसरा महिना चालू. ती लिहिते, ‘काकू, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काही विचारायचं धाडसच होत नाही. त्यांना वाटेल, हिला काहीच येत नाही. मग रात्री पुण्याला भावाला फोन करते. तोही याच धंद्यात आहे.’

अगं, आधी तो रात्रीचा फोन बंद कर. भाऊ कितीही भरवशाचा असला तरी ग्राहकाची बिलं, मालाचे तपशील कंपनीबाहेर गेले तर तुझ्या नोकरीवर बेतेल. शिवाय तुमच्या ऑफिसची पद्धत त्याला कुठून ठाऊक असणार?

‘कुणाचे उपकार नकोत’ हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. त्याच कोकणात भाताची लावणी सावडीवर होत आली आहे. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. पण माणसं यायच्या आधी घरच्यांनी चिखलणी उरकलेली असते, तरवा म्हणजे भाताची रोपं काढून मुठी बांधलेल्या असतात. आलेल्यांना बांधावर ताटकळत ठेवत नाहीत. ऑफिसातही मदत मागायची ती अशीच.

काही गोष्टी कितीही डोकं खाजवलं तरी कळत नाहीत. कुठल्या कागदावर कुणाची सही लागते, अडलेला कंटेनर कुणाला कळवायचा, हे तिथल्या तिथे विचारून मोकळी हो. विचार करून सुटण्यासारखं असेल, समजा मालाचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, तर अर्धा तास स्वतः झटून बघ. नाही सुटलं तर ऊठ. कोड चुकला तर जकात चुकते, माल कस्टम्समध्ये अडकू शकतो, आणि मग बंदरात भाडं चढत राहतं.

नुसतं ‘थोडी मदत हवी होती’ असा मेसेज टाकून वाट बघत बसू नकोस. असं लिही: ‘काजूगराला मी ०८०१ खालचा कोड लावलाय. पण माल भाजून खारवलेला असेल तर त्याला २००८ खालचा कोड लागेल. बिलात नुसतं काजू लिहिलंय. ग्राहकाला विचारून घेऊ का?’ याला त्या बाई दोन मिनिटांत हो-नाही सांगतील, आणि तू किती डोकं चालवलंस तेही त्यांना दिसेल. उत्तर वहीत उतरवून ठेव. तोच प्रश्न पुन्हा आला की मात्र कुणीही वैतागतं.

जर्मनीत प्रोबेशन ६ महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात सहसा २ आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. या धास्तीने तू गप्प बसतेस, हे मला कळतं. पण नवख्या माणसाने विचारायचा काळ हाच. वर्षभराने हेच विचारायची वेळ आली तर जास्त अवघड जाईल.

आणि सावड फेडायचीही असते बरं का. न्हावा-शेव्याच्या एजंटचं फोनवरचं बोलणं तिकडे कुणाला उमगत नसेल, तर बोलावण्याची वाट न बघता पुढे हो आणि सांग, ‘द्या इकडे, मी बोलते.’