‘ताई, तो येईल ना?’ या प्रश्नापाशी

पंचवटी, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुलगा बेपत्ता असलेल्या सिडकोतील त्या घरी चहा झाला, निघताना उंबऱ्यापाशी त्या माउलीने तुझा हात धरून ‘ताई, तो येईल ना?’ असे विचारले, आणि तुझ्या तोंडून ‘येईल, नक्की येईल’ असे निघून गेले. तेव्हापासून आपण तिला फसवले असे तुला वाटत राहते, असे तू लिहितेस. तुला ही टोचणी लागली याचे मला समाधान वाटते, कारण हरवलेल्यांच्या घरच्यांना आधार देण्याच्या आपल्या या कामातील पहिली चूक बहुधा हीच असते, आणि ती चूक होती हे अनेकांना वर्षानुवर्षे कळत नाही. मीही ती केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सातपूरच्या एका कामगाराचा थोरला मुलगा २००९ साली सकाळी सायकल घेऊन कामावर निघाला तो परत आला नाही. चार दिवसांनी सायकल सीबीएस बसस्थानकाजवळ एका भिंतीला टेकवून, नीट कुलूप लावून ठेवलेली सापडली. किल्ली अर्थातच त्याच्याजवळ. वडिलांनी कुलूप तोडू दिले नाही. मागचे चाक उचलून धरत त्यांनी ती सायकल रिक्षा-थांब्यापर्यंत नेली आणि टेम्पोत घालून घरी आणली. मी त्या घरी जाऊ लागले तेव्हा पावसाळा होता. त्याच्या आईने मला हाच प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, ‘दिवाळीपर्यंत येईल हो.’ दिवाळी आली. तिने त्याच्या वाट्याचा चिवडा आणि चकल्या एका स्टीलच्या डब्यात वेगळ्या काढून ठेवल्या. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा तिने तो डबा माझ्यापुढे उघडला. तेलाचा खवट वास घरभर पसरला. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, ‘तुम्ही म्हणाला होतात ना, ताई.’ त्या दिवसानंतर मी कोणालाही तारीख दिली नाही, आणि ‘नक्की’ हा शब्दही दिला नाही.

परंतु याच्या उलट टोकालाही जाऊ नकोस. ‘आता मनाची तयारी करा’ असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, आणि त्यांचे म्हणणे तितकेच निराधार असते. देह मिळाला की दुःखाला एक वाट असते. दहावे, तेरावे होते, सुतक फिटते, भेटायला येणाऱ्यांना काय बोलावे हे ठाऊक असते. आपण नाशिककर तर या बाबतीत साऱ्या देशाचे यजमान आहोत. कुठून कुठून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर, आपण ज्या गोदावरीला सरळ गंगाच म्हणतो तिच्या काठी येतात. हरवलेल्याच्या घरी यातले काहीच घडत नाही. शेजारी पहिले पंधरा दिवस येतात, मग काय विचारावे ते न सुचून येईनासे होतात, आणि घरातल्यांना वाटते की लोक आपल्याला टाळत आहेत. नवरा बेपत्ता असलेल्या बाईने कुंकू लावले तरी कुजबुज होते, न लावले तरी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, यावर एक आख्खी गल्ली चर्चा करताना मी ऐकले आहे.

अमेरिकेतील कुटुंबविषयाच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. मराठीत मी तिला ‘अनिर्णित वियोग’ म्हणते. त्यांचे सांगणे असे की, अशा घरातील माणसे गोठून गेलेली दिसतात तो त्यांच्या मनाचा दुबळेपणा नसतो, परिस्थितीच तशी असते, आणि ‘आहे’ व ‘नाही’ या दोन्ही शक्यता एकाच वेळी जवळ बाळगून जगायला त्यांना मदत करावी लागते. आपल्याकडेही अशी घरे आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या युद्धात मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे पथक पाकिस्तानातील तुरुंगांमध्ये शोध घेऊन आले, त्यात त्याही होत्या. मध्ये छत्तीस वर्षे गेली होती. ‘आता तरी विसरा’ असे म्हणायची इच्छा तुला होईल तेव्हा हा आकडा आठव.

तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो मी थोडा वेळ घेऊन समजावते, कारण घरातील सर्वांत मोठी भांडणे मी याच प्रश्नावर पाहिली आहेत. सात वर्षे झाली की माणूस ‘मेला असे जाहीर करतात’, असे लोक म्हणतात. कायद्याची भाषा वेगळी आहे. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. ज्यांना एरवी त्या माणसाची खबर लागली असती अशांना सात वर्षे त्याची काहीच खबर लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. कायदा एवढेच म्हणतो. तो कोणाला आशा सोडायला सांगत नाही. दिवाणी न्यायालयातून तसा निर्णय घेतल्यावर मृत्यूचा दाखला मिळतो, आणि मग बँकेतील ठेव, घराचा उतारा, मुलांच्या शिक्षणाचे पैसे मोकळे होतात. त्या सातपूरच्या वडिलांना मी हे कलम मराठीत लिहून, वाचून दाखवले होते. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे मी सही केली तरी मी त्याला मारला असं होत नाही.’ तू हे वाक्य प्रत्येक घरी कोणाच्या तरी तोंडून निघेपर्यंत थांब, स्वतः घाईने बोलून टाकू नकोस.

आणखी एक गोष्ट वकील पुष्कळदा सांगायला विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विम्याच्या एका खटल्यात स्पष्ट केले की, सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो नेमका कोणत्या दिवशी झाला हे गृहीत धरता येत नाही. म्हणून हरवलेल्याच्या नावे विमा असेल तर त्याचे हप्ते मध्येच बंद करू देऊ नकोस. पॉलिसी खंडित झाली तर पुढे दावा अडतो. ज्या घरात कमावता माणूसच गेला आहे तिथे हप्ता भरायला सांगणे क्रूर वाटते, हे मला कळते, तरीही सांग, आणि भरण्याची सोय लावून दे.

शास्त्रातही अशाच मुदतीचा विचार आहे. बारा वर्षे खबर नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करण्याचा पालाशविधी आहे. काही घरे तो करतात आणि त्यांना निवांत वाटते, काही घरे गुरुजींचे नाव काढले तरी उठून आत जातात. यात तू मत देऊ नयेस.

आता तपासाविषयी. माणूस कधीपासून बेपत्ता आहे हे पुढे दाखवायला लागणारा पहिला कागद म्हणजे पोलीस ठाण्यातील मिसिंगची नोंद, म्हणून ती झाली आहे का हे पहिल्याच भेटीत पाहा आणि तिची प्रत घरात ठेवायला सांग. चोवीस तास थांबावे लागते असा कोणताही नियम नाही. हरवलेले मूल अठरा वर्षांखालील असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार थेट गुन्हाच नोंदवावा लागतो. नाशिक शहराचे आयुक्तालय, नाशिक ग्रामीण आणि लोहमार्ग पोलीस या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत. अंबडच्या कारखान्यातून निघालेला माणूस नाशिक रोडच्या फलाटावर शेवटचा दिसला आणि पुढे इगतपुरीकडे काही घडले, तर तीन ठिकाणी तीन रजिस्टरे असतात आणि ती एकमेकांशी बोलतीलच असे धरून चालू नये. अनोळखी देह मिळाला की अकस्मात मृत्यूची नोंद होते. आई-वडिलांच्या रक्तावरून डीएनए जुळवता येतो, पण तो आपोआप जुळत नाही; हरवलेल्यांची वेगळी सूची असलेली डीएनए पेढी उभारण्याचे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. तेव्हा प्रत्येक वेळी कोणीतरी अर्ज करून मागणी करावी लागते, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा तूच असशील. शवागारात ओळख पटवायला आईला एकटी जाऊ देऊ नकोस. आधी तू कपडे आणि वस्तू पाहा.

मुलगी हरवली असेल तर तुला अधिक चिवट व्हावे लागेल. ‘गेली असेल कोणाबरोबर’ हे वाक्य मी एका ठाण्यात अंमलदाराकडून ऐकले, आणि त्याच संध्याकाळी तिच्या चुलत्याकडूनही ऐकले. बोभाटा नको म्हणून त्या घराने तीन आठवडे नोंदच केली नाही. ते तीन आठवडे पुन्हा मिळाले नाहीत. तिचा भाऊ आजही त्यांचाच हिशेब मांडत बसतो.

‘हरवला आहे’ अशी पत्रके छापाल तेव्हा अंगावरील एखादी खूण त्यावर लिहू नका, ती स्वतःजवळ ठेवा. पत्रक लागले की ‘तुमचा मुलगा माझ्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे फोन येतात, आणि ती एक खूण विचारली की खोटा माणूस लगेच उघडा पडतो. हरवलेल्याचे सिम वडिलांच्या नावावर असेल तर डुप्लिकेट काढण्यापूर्वी तपासी अंमलदारांना विचारा. नवीन सिम सुरू झाले की जुने बंद पडते, आणि त्याने फोन चालू केलाच तर तो लागणार नाही. अंगारे देणाऱ्यांविषयी मी काय लिहू? घरातले सोने गेल्यावरच बहुतेक वेळा आपल्याला कळते. रागावू नकोस, पुढच्या वेळी जाण्याआधी मला फोन करा, एवढे वचन घे.

सर्वांत जास्त सांगायचे ते धाकट्यांविषयी. त्या सातपूरच्या घरात धाकटा मुलगा सातवीत होता. त्याला शाळेला सायकल हवी होती. कुलूप लावलेली सायकल गॅलरीत उभी होती, तिला हात लावायचा नव्हता, म्हणून वडिलांनी जुन्या बाजारातून दुसरी आणली आणि तिच्याच शेजारी ठेवली. तो रोज एक सायकल सरकवून दुसरी काढायचा. दहावीला त्याला चांगले गुण मिळाले तेव्हा घरात पेढे आणले गेले नाहीत, आणि त्याने ते मागितलेही नाहीत. मला तो मुलगा फार उशिरा दिसला, कारण मी जाई तेव्हा तो पुस्तक घेऊन बाहेर जिन्यात बसलेला असे आणि मी त्याच्या बाजूने वाट काढून वर जात असे. तुझ्या सिडकोतील घरात बहीण आहे असे तू एका ओळीत लिहिले आहेस. पुढच्या पत्रात तिच्याविषयी एक पान लिही.

आता त्या माउलीला काय सांगायचे ते. बुधवारी जाशील तेव्हा आपणहून विषय काढ, आणि म्हण: ‘त्या दिवशी मी नक्की येईल म्हणाले, ते मला ठाऊक नसताना म्हणाले. तो येईल की नाही हे मला माहीत नाही. शोध चालू आहे तोवर मी येत राहीन.’ ती कदाचित रडेल, कदाचित तुझ्यावर रागावेल. बसून राहा. मग तो लहानपणी कसा होता, काय खायचा, कशाला घाबरायचा हे विचार. त्याच्याविषयी बोलताना तिला ‘होता’ म्हणायचे की ‘आहे’, हे तिचे तिला ठरवू दे, आणि ती म्हणेल तेच क्रियापद तूही वापर.

२०२७ च्या सिंहस्थात त्याला शोधायला रामकुंडावर बसणार, असे ती म्हणते, आणि तिला कसे परावृत्त करावे असे तू विचारतेस. २०१५ च्या पर्वणीला मी घाटावरच्या हरवले-सापडले केंद्रात कामाला होते. ध्वनिक्षेपकावरून अखंड नावे पुकारली जात होती, आणि हरवलेली माणसे काही तासांत आपापल्या लोकांना भेटत होती. २९ ऑगस्टला, मग १३ सप्टेंबरला, मग १८ तारखेला, तिन्ही दिवस ती सातपूरची आई फोटो घेऊन आमच्या मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती आणि प्रत्येक नाव ऐकत होती. मी तिला घरी पाठवले नाही. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, ‘एवढी माणसं सापडताना पाहिली, बरं वाटलं.’ तेव्हा तू त्या माउलीला अडवू नकोस. तिच्याबरोबर जा, सावलीची जागा आधी धरून ठेव, पाणी आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या जवळ असू देत, आणि तिच्या मुलीलाही बोलाव, पण यायचे की नाही ते तिच्यावर सोड.

तुझी,
बाई