ऊसतोड टोळीत पहिल्यांदा जाताना

ताई, इस्लामपूरकडच्या टोळीसाठी काहीतरी करायचंय म्हणताय, तर पहिल्या फेरीला रिकाम्या हातानं जा. ब्लँकेटं आणि बिस्किटांचे पुडे आणणारे पुष्कळ. फोटो झाला की परत कुणी फिरकत नाही, आणि खोपटातल्या बायकांना हा प्रकार पाठ झालाय.

आधी मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याला भेटा. आवडो न आवडो, त्याला डावलून पुढं जाता येत नाही. फडात मात्र गप्पा मारायला जाऊ नका. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर. तुमची दहा मिनिटं त्यांच्या मोळ्यांतून वजा होतात.

सुरुवातीला एवढंच धरा:

- शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलांना घेऊनच मुख्याध्यापकांकडे जा. पण नाव घातलं म्हणजे झालं, असं समजू नका. धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी खोपटावर थांबते आणि तिची शाळा तिथंच बुडते. म्हणून धाकट्याच्या अंगणवाडीचं त्याच दिवशी बघा.
- रेशन. बीडहून आलेल्या मजुरांचं तिकडचं कार्ड आपल्याकडच्या दुकानातही आधारवर, अंगठा लावून चालतं. दुकानदार आधी नाही म्हणेल. सोबत जा.
- लसी. लसीकरणाचं कार्ड गावी राहिलं असेल तर आशाताईंना गाठा.

शिकवणी, आरोग्य शिबिरं पुढच्या हंगामाला. मार्चच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो आणि टोळी गावी परतते. त्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, नाहीतर गावी प्रवेशासाठी पुन्हा तीच झटापट.