उस्मानाबादी शेळ्यांचा छोटा फार्म आहे, लोगो कसा बनवून घ्यावा?

एकाच रंगात शेळीच्या डोक्याची बाजूने दिसणारी आकृती आणि खाली ठसठशीत देवनागरीत फार्मचं नाव, एवढाच लोगो करून घ्या. मी छपाईच्या धंद्यात आहे. उगवता सूर्य, हिरवं शेत, पाच रंग असं सगळं कोंबलेलं चित्र फ्लेक्सवर खपून जातं, पण बिलावरच्या रबरी शिक्क्यात आणि व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत त्याचा नुसता डाग होतो. उस्मानाबादी बहुतेक काळीच, त्यामुळे काळा रंग आयताच शोभतो. लोंबते कान मात्र नीट काढायला लावा. नेटवरून उचललेली शेळी बऱ्याचदा उभ्या कानांची, सानेनसारखी परदेशी निघते आणि बाजारातला जाणता माणूस तिथेच हसतो. डिझायनरने नुसती जेपीजी दिली तर पैसे अडवून ठेवा. मूळ सीडीआर किंवा एसव्हीजी फाइल हातात हवी, म्हणजे लोगो कितीही लहान-मोठा केला तरी रेषा फाटत नाहीत. ट्रेडमार्क म्हणून लोगोची सरकारी नोंदणी करायची तर जिवंत जनावरांसाठी वर्ग ३१, मटण-दुधासाठी वर्ग २९. अर्थात, गावच्या बाजारातच बोकड विकणार असाल तर नोंदणीची घाई नको.