आमची मंडळी झपाट्याने वाढते आहे, पण ती चालवणारी माणसं थकून गेली आहेत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांत 20 कुटुंबांची उपासक मंडळी 80 कुटुंबांवर गेली. मुख्य मार्गदर्शक तेच, सोबतचे पाच सेवेकरी तेच. आता त्यांना झोप लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते आणि प्रार्थनेतही मन रमत नाही. त्यांना महिनाभर सुटी द्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

सुटी जरूर द्या. पण परतल्यावर कामाचा तोच ढीग समोर असेल, तर दोन आठवड्यांत सगळं पुन्हा होतं तिथेच येईल. त्यामुळे ढीग का साचतो ते आधी पाहू.

साधा हिशोब करा. प्रत्येक कुटुंबाशी दोन महिन्यांतून एकदा तासभर निवांत बोलायचं ठरवलं, तर 20 कुटुंबांसाठी आठवड्याला साधारण अडीच तास लागतात आणि 80 कुटुंबांसाठी जवळजवळ दहा. शिवाय प्रवचनाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी, जमाखर्च आणि तक्रारी आहेतच. तुमच्या माणसांची श्रद्धा कमी पडलेली नाही. मंडळी चौपट झाली तरी घडी 20 कुटुंबांचीच राहिली आहे. हा पेच फार जुना आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद सोडवत बसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. लहान बाबींचा निवाडा नायकांनीच करायचा आणि अवघड तेवढ्याच मोशेकडे आणायच्या, ही त्या सल्ल्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. त्याने कामासोबत अधिकारही खाली द्यायला सांगितला.

सुरुवात वहीने करा. दोन आठवडे सहाही जणांनी दर अर्ध्या तासाला काय केलं ते एका ओळीत लिहावं. मग एकत्र बसून प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे फक्त मीच करू शकतो, हे शिकवलं तर दुसरा करेल, हे आजपासून कुणीही करेल. ‘मी ते जास्त चांगलं करतो’ एवढ्या कारणावरून कुठलंही काम पहिल्या गटात टाकू नका.

काम सोपवताना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: काम नेमकं कोणतं, न विचारता किती खर्च करता येईल, कोणती बाब परत विचारायला आणायची आणि हे किती काळासाठी. पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा, दुसऱ्यांदा मिळून करा, तिसऱ्यांदा त्यांना करू द्या आणि तुम्ही नुसते पाहा. चौथ्या वेळी तिथे जाऊच नका. ही व्यवस्था बहुतेकदा एकाच जागी मोडते. कुणीतरी नाराज होऊन थेट मुख्य मार्गदर्शकांना गाठतं आणि ते मायेपोटी सेवेकऱ्याचा निर्णय फिरवतात. एकदा असं झालं की महिनाभरात सगळी कामं पुन्हा त्यांच्याच दारात येतात. ‘तुमचं म्हणणं मी ऐकलं, आता त्यांच्याशीच बोला’ हे वाक्य त्यांना जड जाईल, पण ते म्हणावंच लागेल. पैशांचा गैरव्यवहार किंवा कुणावर अत्याचार झाल्याची तक्रार मात्र याला अपवाद. ती थेट वरच यायला हवी.

कुटुंबांचे आठ ते दहाचे गट करा आणि प्रत्येक गटाला दोन संयोजक नेमा. एकटा संयोजक आजारी पडला की गट पोरका होतो. शिवाय सगळी दुःखं एकट्यानेच ऐकली, तर थकवा फक्त एक पायरी खाली सरकतो. मुख्य मार्गदर्शकांनी सगळ्या संयोजकांना पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास एकत्र भेटावं. गट बारा कुटुंबांवर गेला की त्याचे दोन करा.

फोनचं वेगळं सांगतो, कारण माणसं तिथेच सगळ्यात जास्त झिजतात. मंडळीसाठी वेगळा नंबर घ्या आणि तो आठवड्याच्या पाळीने फिरवा. एकाकडे चार आठवड्यांतून एकदाच यावा. रात्री कशासाठी फोन करायचा ते सगळ्यांना सांगून ठेवा: मृत्यू, गंभीर आजार, मारहाण किंवा अत्याचार, जीव देण्याची भाषा. बाकी सगळं सकाळी.

दुःख ऐकणं हेही श्रमाचंच काम आहे. दिवसात तीनपेक्षा जास्त लांब भेटी ठेवू नका आणि अंत्यविधीनंतरची अर्धी सकाळ मोकळी राहू द्या. एकाच प्रश्नावर तीन-चार भेटी होऊनही काही हलत नसेल, तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवा. आणि मार्गदर्शकांनाही मन मोकळं करायला मंडळीबाहेरचं कुणीतरी हवं, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. मंडळीतल्या माणसापाशी ते पूर्ण बोलू शकत नाहीत, कारण इतरांची गुपितं त्यांच्यापाशी असतात.

उपासनेचा दिवस त्यांच्यासाठी कामाचा असतो, म्हणून विश्रांतीचे सलग 24 तास दुसऱ्या वारी ठेवा. त्या दिवशी जबाबदारी कुणाची, हेही नावानिशी ठरवा. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्यातला विश्रांतीचा दिवस, किंवा बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा तीन महिन्यांचा वर्षावास पाहिला, तर थांबण्याची वेळ परंपरेनेच कालचक्रात बसवून दिलेली दिसते. ती माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. सेवेकऱ्यांची मुदतही दोन वर्षांची ठेवा, मग सहा महिने सक्तीची मोकळीक. जुन्या-नव्यांनी दोन महिने बरोबर काम केलं की सूत्रं नीट हातात येतात. मुदत नसली की थकलेला माणूस अपराधी वाटेल म्हणून थांबत नाही आणि शेवटी मंडळीच सोडून जातो.

नवा उपक्रम सुचला की आधी दोन प्रश्न विचारा: याची जबाबदारी घेणारे दोघं कोण, आणि याच्या बदल्यात काय बंद करणार? उत्तर नसेल तर सहा महिने थांबा.

1974 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी बर्नआउटवर, म्हणजे कामाने माणूस पुरता झिजून जाण्यावर, लिहिलं, तेही मोफत दवाखान्यात झटणाऱ्या माणसांना पाहून. तळमळीने काम करणाऱ्यांनाच हा धोका जास्त, असं त्यांना दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत त्याची तीन अंगं आहेत: शक्ती संपणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि कामाचा परिणाम घटणं. मंडळीत दुसरं अंग उशिरा लक्षात येतं. ‘आला परत रडगाणं घेऊन’ असं प्रेमळ माणसाच्या तोंडून ऐकू आलं, तर त्याला रागावू नका, त्याचं काम त्याच आठवड्यात कमी करा. उदासी, निद्रानाश किंवा भूक मंदावणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं, तर त्याच दिवशी. प्रार्थना चालू राहू द्या, उपचार तिच्यासाठी अडवू नका.

हे सगळं एकदम लावायला जाऊ नका. या आठवड्यात फोनची पाळी लावा आणि वही सुरू करा. गट पाडण्याचं पुढच्या महिन्यात, वहीतले आकडे हातात आल्यावर.