गुलमर्गला स्कीइंग करताना हात गारठू नयेत म्हणून

पाच बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकाच कप्प्यात असलेले मोजे. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आत लोकरीचा पातळ मोजा. सुती अजिबात नको, घाम धरून ठेवतो. मूठ आवळून पाहा: मोजा करकचला तर रक्त अडतं आणि बोटं आणखी गार पडतात.

हँड वॉर्मरची पुडी गोंडोलात (वर नेणाऱ्या केबल कारमध्ये) बसायच्या 15-20 मिनिटं आधी फोडा; आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली तरच ती तापते. बधिरता जाणवली की हात खांद्यापासून जोरात गोल फिरवा, 20-30 वेळा. टोकं पांढरी पडली तर थेट आत जा, बोटं काखेत धरा. बर्फ चोळणं हा शुद्ध अडाणीपणा!

मोजे रात्री बुखारीवर (खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीवर) टाकू नका, चामडं तडकतं, बाजूला टांगा.