चिकुनगुनियाचा विषाणू लॅबमध्ये अभ्यासताना डासांच्या पेशी कशाला लागतात?

कारण हा विषाणू दोन घरांत राहतो, डासात आणि माणसात, आणि दोन्हीकडे तो अगदी वेगळा वागतो. एकाच पेशीत वाढवून बघितला तर अर्धीच गोष्ट कळते.

माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या व्हेरो पेशी ३७ अंशांना वाढवतात. त्यांच्या थरावर विषाणू सोडला आणि वरून घट्टसर माध्यम ओतलं, की त्याला लांब पसरता येत नाही, तो शेजारच्याच पेशी मारत जातो. दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग टाकला की जिवंत पेशी जांभळ्या होतात आणि मेलेल्यांच्या जागी स्वच्छ गोल ठिपके दिसतात. ते ठिपके मोजून नमुन्यात संसर्गक्षम विषाणू किती होते ते काढतात. ठिपक्यांचा आकारही बघायचा असतो, विषाणूच्या दोन स्ट्रेनमधला (उपप्रकारांमधला) फरक कित्येकदा तिथेच पहिल्यांदा दिसतो.

डासाच्या पेशी मात्र साधारण २८ अंशांना ठेवतात. त्यांत हाच विषाणू भरपूर वाढतो, तरी पेशी सहसा मरत नाहीत. डास आयुष्यभर संसर्ग बाळगतो तो असाच.

यासाठी जगभर वापरतात ती सी६/३६ पेशीमालिका, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या डासाच्या पेशी, मूळची पुण्याची आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेत), एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून मूळ पेशी तयार केल्या. इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातून हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला गट, निवडला.

एक लक्षात ठेवा, या पेशींमध्ये डासाची आरएनएआय ही विषाणूरोधक यंत्रणा सदोष आहे. त्यामुळे इथले आकडे खऱ्या डासाला सरसकट लावता येत नाहीत.